विश्लेषण : स्टीरिओवर ‘अननोन आर्टिस्ट’, भजनाच्या शेवटी ‘तुकड्यादास’! पेनड्राइव्हमधून वाजणारे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नेमके कोण होते?

अल्लीपूर (जि. वर्धा) : आश्विन वद्य पंचमी जवळ आली की हिंगणघाट तालुक्यातून गाड्या गुरुकुंज मोझरीकडे निघतात. अल्लीपूरहून वर्धा, पुढे आर्वी, तळेगाव, तिवसा आणि मग मोझरी. गाडी गावाबाहेर पडली की कुणीतरी पेनड्राइव्ह लावतो आणि खंजिरीचा ठेका सुरू होतो. भजन सगळ्यांच्या ओळखीचं असतं. स्टीरिओच्या छोट्या पडद्यावर मात्र ‘ट्रॅक ०७’, ‘अननोन आर्टिस्ट’ किंवा नुसती प्रश्नचिन्हांची रांग दिसते.

यंत्राला नाव माहीत नाही, याने प्रवासात काही बिघडत नाही. पण अशाच फाइल एका मोबाइलवरून दुसऱ्यावर, एका पेनड्राइव्हमधून दुसऱ्यात जात राहतात. काही वर्षांनी हा आवाज कुणाचा, भजन कुणाचं आणि कधीचं, हे सांगणारं कुणी उरत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या बाबतीत हा धोका खरा आहे. त्यांचा फोटो घरोघरी आहे, भजनं तोंडपाठ आहेत. आयुष्याचे तपशील मात्र अनेकांना ठाऊक नाहीत. ते आयुष्य कसं होतं आणि त्यांची भजनं गाडीत वाजवताना, साठवताना काय जपायचं, ते समजून घेऊ.

माणिकचा ‘तुकड्या’ कसा झाला?

महाराजांचा जन्म एप्रिल १९०९ मधला. गाव अमरावती जिल्ह्यातलं यावली. वडील बंडोजी, आई मंजुळाबाई, आडनाव इंगळे आणि मुलाचं नाव माणिक. घरची परिस्थिती बेताची होती. शाळा फार झाली नाही. माणिकचं मन पुस्तकापेक्षा भजनात आणि देवळातल्या मंडळींत जास्त रमायचं.

वरखेडचे आडकोजी महाराज हे माणिकचे गुरू. भजन म्हणावं आणि लोक देतील त्या भाकरीच्या तुकड्यांवर राहावं, असा मुलाचा क्रम होता. त्यावरूनच गुरूंनी त्याला ‘तुकड्या’ म्हटलं, असं परंपरेनं सांगितलं जातं. पुढे लाखो लोक ज्यांच्या पायाशी बसले, त्यांनी हे नाव कधी टाकलं नाही. उलट तीच आपली सही केली.

तरुणपणाची काही वर्षं त्यांनी रानावनात काढली. रामटेक, सालबर्डी, रामदिघी ही नावं त्या काळाशी जोडलेली आहेत. चिमूरच्या परिसराशी त्यांचा संबंध तेव्हापासूनचा. साधना, योगाभ्यास आणि भजनं रचणं असा तो काळ होता. त्यातून बाहेर आले ते गावोगावी भजन करणारे तुकडोजी महाराज.

भजनाच्या शेवटी नाव का असतं?

मराठी संतांच्या रचनेत शेवटी रचणाऱ्याचं नाव येतं. त्याला नाममुद्रा म्हणतात. देहूच्या तुकोबांची ‘तुका’ ही मुद्रा महाराष्ट्राला पाठ आहे. तुकडोजी महाराजांनी मराठीत आणि हिंदीत हजारो भजनं रचली. त्यांत ‘तुकड्या’ किंवा ‘तुकड्यादास’ अशी मुद्रा येते.

छापखाना नसलेल्या काळात ही फार हुशारीची सोय होती. रचना तोंडातोंडी गेली तरी नाव तिच्यासोबत जायचं, कारण ते चालीतच बसवलेलं असायचं.

आता गंमत बघा. एमपी३ फाइलमध्येही अशीच सोय आहे. आवाजाशिवाय तिच्या पोटात माहितीची एक छोटी चिठ्ठी असते, तिला आयडी३ टॅग म्हणतात. १९९६ मधल्या पहिल्या आवृत्तीत ही चिठ्ठी फाइलच्या अगदी शेवटी, शेवटच्या १२८ बाइटमध्ये ठेवली जायची. गाण्याचं नाव ३० बाइट, गायकाचं ३०, अल्बमचं ३०, वर्ष ४, शेरा ३० आणि प्रकारासाठी १ बाइट. सुरुवातीचे ३ बाइट ही चिठ्ठी आहे हे ओळखायला. म्हणजे नाममुद्रेसारखीच शेवटी नावाची जागा.

फरक एवढाच की ही चिठ्ठी आवाजात मिसळलेली नसते. फाइल एका स्वरूपातून दुसऱ्यात बदलताना ती सहज गळून पडते. मग स्टीरिओला वाचायला काही उरत नाही आणि पडद्यावर ‘अननोन आर्टिस्ट’ येतं. नाममुद्रा मात्र तशी पुसता येत नाही. ती काढायची तर भजनाचं शेवटचं कडवंच कापावं लागेल.

प्रश्नचिन्हं किंवा चौकोन दिसतात त्याचं कारण वेगळं आहे. तिथे चिठ्ठी असते, पण देवनागरीत. टॅगची पहिली आवृत्ती रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून केलेली होती. नंतरच्या आवृत्त्यांत चिठ्ठी फाइलच्या सुरुवातीला गेली आणि देवनागरीचीही सोय झाली. तरी अनेक जुन्या स्टीरिओंत देवनागरी दाखवण्याची क्षमताच नसते. त्या पहिल्या आवृत्तीत संगीतप्रकारांची ८० नावांची ठरलेली यादी होती. तिच्यात ब्लूज होतं, जॅझ होतं, भजन नव्हतं.

खंजिरीच का?

महाराजांची ओळख म्हणजे खंजिरी. लाकडाचं गोल कडं, एका तोंडाला ताणून बसवलेलं कातडं आणि कड्याच्या खाचांत झांजेच्या छोट्या जोड्या. एका हातात मावणारं वाद्य. पेटी, तबला घेऊन फिरायचं तर बैलगाडी लागते, बसायला बैठक लागते. खंजिरी झोळीत टाकून चालता येतं. वीज नसलेल्या गावात, झाडाखाली किंवा चावडीसमोर, एका माणसाला ती पुरते. तिचा आवाज टोकदार असल्यामुळे गर्दीतही शेवटच्या माणसापर्यंत ठेका पोचतो.

आजच्या भाषेत सांगायचं तर कुठेही नेता येईल, चार्जिंग लागणार नाही आणि दुरुस्ती गावातच होईल, असं हे साधन होतं. ज्यांना गावागावात पोचायचं होतं, त्यांनी ते निवडलं यात नवल नाही. विदर्भात खंजिरी भजनाच्या स्पर्धा आजही होतात, त्या याच परंपरेतल्या.

पण नेमकं हेच वाद्य एमपी३ला जड जातं.

एमपी३ फाइल लहान का असते? सीडीवरचा एक मिनिटाचा आवाज साधारण १० एमबी जागा घेतो. १२८ केबीपीएसची एमपी३ फाइल तोच मिनिट १ एमबीपेक्षा थोड्या कमी जागेत बसवते. म्हणजे माहितीचा साधारण अकरावा भाग उरतो. माणसाच्या कानाला एका मोठ्या आवाजाजवळचा लहान आवाज ऐकू येत नाही. असे न ऐकू येणारे भाग गणित करून ठरवायचे आणि त्यांवर कमी जागा खर्च करायची, ही त्यामागची कल्पना. हे तंत्र १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रमाणित झालं आणि १९९५ मध्ये फाइलच्या नावापुढे एमपी३ लावायचं ठरलं.

हे गणित आवाजाचे छोटे तुकडे करून चालतं. सीडीच्या दर्जाच्या आवाजात एक तुकडा सुमारे २६ मिलिसेकंदांचा असतो. सावकाश बदलणारा आवाज, म्हणजे तंबोरा किंवा लांब आलाप, यात नीट बसतो. खंजिरीची थाप मात्र एका क्षणात शांततेतून शिखरावर जाते. अशा वेळी गणितातली चूक पूर्ण तुकड्यात पसरते आणि थाप पडण्याच्या किंचित आधी एक पुसट खरखर ऐकू येते. याला प्री-एको म्हणतात. ते टाळायला एमपी३ अशा ठिकाणी तुकडे आणखी लहान करतं, पण त्यासाठी जागा जास्त लागते. कमी दर्जाच्या फाइलमध्ये ती नसते.

दुसरी अडचण झांजांची. त्यांचा झणत्कार फार वरच्या कंपनांत असतो. १२८ केबीपीएसच्या फाइलमध्ये साधारण १६ हजार हर्ट्झच्या वरचा भाग बहुधा कापला जातो. म्हणून कमी दर्जाच्या फाइलमधली खंजिरी पाण्यात बुडवल्यासारखी वाटते. जगभरातले तंत्रज्ञ अशा फाइल तपासायला कॅस्टनेट्स हे स्पेनमधलं, आपल्या चिपळ्यांच्या जातीचं वाद्य वापरतात. कारण तेच, टोकदार आवाज. अल्लीपूरच्या भजनी मंडळाचं खंजिरी भजन त्या कसोटीला तितकंच चांगलं चाललं असतं.

सेगावातला महिना

१९३५ हे महाराजांच्या आयुष्यातलं वळण. त्या वर्षी सालबर्डीला मोठा महायज्ञ झाला आणि लाखोंच्या संख्येनं लोक जमले. त्याच वर्षी नागपूर-अमरावती रस्त्यावर मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. रानात साधना करणारा भजनकार आता एका कामाचा केंद्रबिंदू झाला.

पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, गांधीजींच्या बोलावण्यावरून ते वर्ध्याजवळच्या सेगावात आले. गांधीजी त्याच वर्षी तिथे राहायला आले होते. या गावाचं नाव पुढे सेवाग्राम झालं. महाराज तिथे सुमारे महिनाभर राहिले. त्यांचं वय तेव्हा अवघं २७.

गांधीजी गावाच्या सफाईबद्दल, चरख्याबद्दल आणि अस्पृश्यता निवारणाबद्दल बोलत होते. महाराज तेच विषय भजनातून मांडू शकत होते, तेही वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला आपल्या वाटणाऱ्या भाषेत. पुढच्या त्यांच्या कामात देवाच्या नावासोबत झाडू, विहीर, दारूबंदी, व्यायामशाळा आणि सामुदायिक प्रार्थना दिसते. हे सगळं एका महिन्यात आलं असं म्हणता येणार नाही. पण जिल्ह्यातल्या वाचकांनी हा महिना विसरू नये. राष्ट्रसंतांच्या घडणीचा एक भाग वर्धा जिल्ह्यात घडला आहे.

१९४२ : भजनाला तुरुंग का झाला?

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’ची हाक आली. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातलं आष्टी ही दोन्ही गावं उठली. आंदोलक आणि पोलीस यांच्यात रक्तरंजित संघर्ष झाला, दोन्ही बाजूंची माणसं गेली. नंतर सरकारी दडपशाहीचा कहर झाला. चिमूर-आष्टीचे खटले देशभर गाजले.

या दोन्ही गावांत महाराजांच्या भजनांचा मोठा प्रभाव होता. चिमूरला त्यांचं येणंजाणं जुनं होतं. लोकांना पेटवणाऱ्यांत हा खंजिरीवाला साधू आहे, अशी सरकारची खात्री झाली. ऑगस्टच्या अखेरीस त्यांना चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात त्यांना ठेवलं गेलं. वर्ष संपण्याआधी त्यांची सुटका झाली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्या वेळी चिमूर किंवा आष्टीसारख्या गावात भजन पोचत होतं ते माणसांच्या तोंडून. महाराज एका गावात म्हणायचे, तिथले लोक ते पाठ करून दुसऱ्या गावात म्हणायचे. सरकारला जप्त करायला तबकडी नव्हती, बंद पाडायला यंत्र नव्हतं. अटक करायची तर माणसालाच करावी लागली.

सुटकेनंतर काम थांबलं नाही. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगावी वाढल्या. १९४३ मध्ये ‘श्रीगुरुदेव’ मासिक सुरू झालं. भजनाला आता छापील शब्दाची जोड मिळाली.

ग्रामगीतेत काय आहे?

स्वातंत्र्यानंतर महाराजांचा सगळा भर गावावर होता. त्याचं फळ म्हणजे १९५५ च्या सुमारास आलेली ‘ग्रामगीता’. ४१ अध्यायांचा हा ओवीबद्ध ग्रंथ. नावात गीता असली तरी विषय गाव हाच आहे. ग्रामसफाई, आरोग्य, शिक्षण, स्त्रियांचं स्थान, गरीब-श्रीमंत भेद, श्रमदान, गावातली भांडणं, सण-उत्सवांवरचा खर्च अशा गोष्टींवर त्यात लिहिलं आहे. ओवी हा जुना, वाचायला आणि ऐकायला सोपा छंद त्यांनी मुद्दाम घेतला. ज्याला वाचता येत नाही त्याला एकानं वाचून दाखवावं आणि बाकीच्यांनी ऐकावं, ही पारायणाची पद्धत गावात आधीच होती. नवा विचार त्यांनी त्या जुन्या पद्धतीत बसवला.

१९५५ मध्येच ते जपानला गेले. धर्म आणि विश्वशांती या विषयांवरच्या जागतिक परिषदेत त्यांनी खंजिरीवर भजन म्हटलं. ऐकणाऱ्यांना ना मराठी येत होती ना हिंदी, तरी ठेका पोचायला भाषा लागत नाही. १९५६ मध्ये भारत साधू समाजाची स्थापना झाली. त्याचे पहिले अध्यक्ष तुकडोजी महाराज होते. विनोबांच्या भूदान चळवळीतही त्यांनी काम केलं. विनोबांचा आश्रम पवनारला, म्हणजे पुन्हा वर्धा जिल्ह्यातच. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी त्यांचा गौरव ‘राष्ट्रसंत’ म्हणून केला आणि ते नाव कायमचं जोडलं गेलं.

१९६२ च्या चीन युद्धात आणि १९६५ च्या पाकिस्तान युद्धात ते सीमेवर जवानांना भेटायला गेले. तिथेही सोबत खंजिरी होतीच. डिसेंबर १९६७ मध्ये कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा त्यांनी मदतकार्यात भाग घेतला.

शेवट आणि त्यानंतर

त्याच सुमारास कर्करोगानं त्यांना गाठलं. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी, आश्विन वद्य पंचमीला, गुरुकुंज मोझरीत त्यांचं निधन झालं. वय ५९. आश्रमासमोरच त्यांची समाधी आहे. दर वर्षी पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो लोक जागच्या जागी स्तब्ध उभे राहून त्यांना मौन श्रद्धांजली वाहतात. ज्यांनी आयुष्यभर लोकांना गायला लावलं, त्यांची आठवण लोक शांततेनं करतात.

२००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव देण्यात आलं. वर्धा जिल्हा याच विद्यापीठाच्या कक्षेत येतो. ज्या मुलाचं शिक्षण प्राथमिक शाळेतच थांबलं, त्याचं नाव आज जिल्ह्यातल्या पदवीधरांच्या प्रमाणपत्रावर आहे.

पेनड्राइव्हमध्ये नेमकं काय असतं?

महाराजांच्या नावानं फिरणाऱ्या फाइल साधारण तीन प्रकारच्या असतात.

पहिला प्रकार, त्यांच्या स्वतःच्या आवाजातलं मुद्रण. ते अर्थातच १९६८ पूर्वीचं. त्या काळातलं आपल्याकडचं मुद्रण बहुतेक मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचं असायचं. त्यामुळे गाडीच्या डाव्या-उजव्या स्पीकरमधून एकच आवाज येतो. तो स्टीरिओचा बिघाड नाही. मागची सुसू खरखर जुन्या तबकडीची किंवा टेपची असते.

दुसरा प्रकार, त्यांची भजनं इतरांनी म्हटलेली. यात भजनी मंडळं आहेत, स्पर्धेतलं मुद्रण आहे, स्टुडिओत केलेले अल्बम आहेत. इथे नाममुद्रा महाराजांची, आवाज दुसऱ्याचा. टॅगमध्ये म्हणूनच गायक आणि रचनाकार यांच्यासाठी दोन वेगळे रकाने असतात. आपण सगळं ‘आर्टिस्ट’मध्ये घालतो आणि गोंधळ होतो.

तिसरा प्रकार, महाराजांवर इतरांनी रचलेली गाणी. ही त्यांची रचनाच नाही.

तिन्ही एका फोल्डरमध्ये गेल्या आणि नावं पुसली गेली की वेगळं करायचं साधन फक्त कान उरतो. नाममुद्रा मदत करते. पण तीही रचणाऱ्याचं नाव सांगते, गाणाऱ्याचं नाही. शिवाय मुद्रा कुणीही वापरू शकतो. तुकोबांच्या नावावर नंतर घुसवलेले अभंग वेगळे काढायला अभ्यासकांना किती कष्ट पडले, हे सर्वश्रुत आहे. ‘तुका’ नावाच्या फोल्डरमध्ये १७व्या शतकातले तुकोबा आणि २०व्या शतकातले तुकडोजी एकत्र सापडणं ही तर पेनड्राइव्हमधली नेहमीची गोष्ट.

मग करायचं काय?

• मूळ फाइल वेगळी ठेवा. घरात जुनी कॅसेट असेल तर ती एकदाच, चांगल्या दर्जात संगणकावर घ्या. शक्य असेल तर डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅक स्वरूपात ठेवा, त्यात काहीही कापलं जात नाही. गाडीसाठी त्यावरून एमपी३ प्रत करा.

• एमपी३चं पुन्हा एमपी३ करू नका. दर वेळी थोडा आवाज कायमचा जातो. १२८ केबीपीएसची फाइल ३२० केबीपीएस केली की फक्त आकार वाढतो, गेलेलं परत येत नाही. खंजिरी असलेल्या नव्या मुद्रणासाठी पहिल्यापासूनच १९२ किंवा त्यापेक्षा जास्त दर्जा निवडा.

• जुन्या मोनो मुद्रणाची फाइल मोनोच ठेवा. एकाच वाहिनीला सगळी जागा मिळते, त्यामुळे लहान फाइलमध्येही आवाज बरा राहतो.

• स्टीरिओ पेनड्राइव्ह वाचत नसेल तर फॉरमॅट तपासा. बऱ्याच जुन्या स्टीरिओंना फॅट३२ लागतं. ३२ जीबीपेक्षा मोठे पेनड्राइव्ह सहसा एक्सफॅटमध्ये येतात, ते अशा स्टीरिओला कळत नाहीत. फॉरमॅट केल्यावर सगळं पुसलं जातं, म्हणून आधी प्रत काढा.

• भजनं क्रमानं वाजत नसतील तर नावाच्या आधी ०१, ०२ असे रोमन लिपीतले आकडे घाला आणि त्याच क्रमानं पेनड्राइव्हमध्ये टाका. अनेक स्टीरिओ नावाच्या नाही, तर फाइल कॉपी झाल्याच्या क्रमानं वाजवतात.

• फाइलचं नाव रोमन अक्षरांत द्या म्हणजे कोणताही स्टीरिओ ते दाखवेल. टॅगमध्ये मात्र गायक, रचनाकार, वर्ष आणि गाव देवनागरीत लिहा. मोबाइलवर टॅग बदलणारी मोफत ॲप मिळतात.

• मोबाइल ब्लूटूथनं जोडला तर आवाज वाटेत सहसा आणखी एकदा दाबला जातो. फरक ऐकायचा असेल तर तीच फाइल पेनड्राइव्हवरून वाजवून बघा. बास वाढवल्यास झांजा दबतात. खंजिरी भजनाला बास मधोमध ठेवलेला बरा.

• एकुलती एक प्रत गाडीत ठेवू नका. विदर्भातल्या उन्हाळ्यात बाहेर ४५ अंश असताना बंद गाडीत त्याहून जास्त तापतं. पेनड्राइव्ह असाही कायम टिकणारा नसतो. घरी एक प्रत आणि दुसऱ्याच्या घरी एक प्रत असावी.

घाई कशाची?

यातलं तांत्रिक काम एका दुपारचं आहे. अवघड काम वेगळंच आहे. हा आवाज खुद्द महाराजांचा की दुसऱ्या कुणाचा, हे ऐकताक्षणी सांगू शकणारी माणसं आता कमी होत चालली आहेत. १९६८ मध्ये जो १५ वर्षांचा होता, त्यानं आज सत्तरी ओलांडली आहे. अल्लीपूरसारख्या गावात भजनी मंडळातल्या ज्येष्ठांपैकी कुणी ना कुणी महाराजांना प्रत्यक्ष ऐकलेलं असण्याची शक्यता अजून आहे. आणखी दहा वर्षांनी ती फार कमी असेल.

म्हणून मोझरीला जाताना आजोबांना पुढच्या सीटवर बसवा. एकेक फाइल लावा आणि त्यांना विचारा : हा आवाज कुणाचा? हे भजन तुम्ही कुठे ऐकलं होतं? कुणाच्या मंडळात म्हणायचे? ते सांगतील ते मागे बसलेल्यानं मोबाइलवर लिहून घ्यावं आणि घरी आल्यावर त्या फाइलच्या टॅगमध्ये भरावं. पुढच्या पंचमीला गाडी सुरू होईल तेव्हा पडद्यावर ‘अननोन आर्टिस्ट’ऐवजी नाव दिसेल. आणि मोझरीत ४ वाजून ५८ मिनिटं व्हायच्या आधी स्टीरिओ बंद करायला विसरू नका.